मशीनच बॉलिंग टाकणार, मग पोरांनी काय करायचं?

पुरे झालं आता! माझा मुलगा अकरा वर्षांचा, ऑफस्पिन टाकतो. चेंडूची शिवण घासून घासून तर्जनीला घट्टा पडलाय त्याच्या. आणि रविवारी नेटमध्ये काय करतो? बादली घेऊन चेंडू गोळा करतो! का? तर बॉलिंग मशीन करतंय.

दोन चाकं गरगर फिरतात, वरून चेंडू सोडला की सुटला सुसाट. ना रनअप, ना मनगट, ना खांदा. मग मॅचमध्ये समोरून खराखुरा बॉलर धावत आला की हीच पोरं गोंधळतात. बॉलरचा हात बघायची सवयच नाही, कळणार कसं काय येतंय? वर आईबाप फुशारक्या मारतात, आमचा शंभरच्या स्पीडला खेळतो!

सचिन तेंडुलकरचे कोच आचरेकर सर त्याच्या स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे. आउट करेल त्या बॉलरचं नाणं. एका रुपयासाठी पोरं जीव तोडून टाकायची, म्हणून तर समोरचा घडला! मशीनला कसली आलीय नाण्याची भूक?

फी सगळ्यांची सारखी, मग बॉलर पोरांनी हमालीच करायची? काल लेकानं विचारलं, "सर, मी कधी टाकू?"

"थांब रे, आधी सगळ्यांची बॅटिंग होऊ दे."

थांबला बिचारा. अंधार पडला. घरी येईपर्यंत चेंडू मुठीत तसाच, घामानं ओला.