वारंवार होणारे युरिन इन्फेक्शन आणि ‘पाणी प्या’ हा सल्ला

नाशिकमधील एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने स्वीकारण्याचे काम मी करते. लघवीला जळजळ, सारखे जावेसे वाटणे आणि ओटीपोटात दुखणे या तक्रारी घेऊन त्याच त्या बायका पुन्हा काउंटरवर येतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा संकोच जास्त असतो. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षभरात तीनदा संसर्ग झाला, तर डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात. घरात मात्र त्याचा अर्थ ‘ही स्वच्छता पाळत नाही’ असा घेतला जातो, आणि माझा पहिला आक्षेप यालाच आहे.

बहुतेक वेळा हा संसर्ग आपल्याच आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूमुळे होतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांबीचा आणि गुदद्वाराच्या जवळ असल्याने त्या जिवाणूला मूत्राशय गाठणे सोपे जाते. यात गलिच्छपणाचा प्रश्न नाही. उलट ‘आणखी स्वच्छ’ राहण्याच्या नादात सुगंधी साबण आणि जाहिरातीतले वॉश आतपर्यंत वापरले, तर तिथले संरक्षक जिवाणूच कमी होतात.

ज्याला खरोखर पुरावा आहे, तो उपाय अगदी साधा आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रवपदार्थ घेणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या 140 स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितले गेले. वर्षभरात त्यांना सरासरी 1.7 वेळा त्रास झाला, तर उरलेल्यांना 3.2 वेळा. ‘उन्हाळी लागली’ म्हणून आजी देत असलेले धण्या-जिऱ्याचे पाणीही, पाणी म्हणून, योग्यच आहे. (हृदयाचा किंवा किडनीचा आजार असणाऱ्यांनी मात्र किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.)

परंतु हे पाणी प्यायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. मेन रोडवर किंवा रविवार कारंजावर दुकानात दिवसभर उभे राहून काम करणारी मुलगी सकाळी स्टीलची बाटली भरून नेते आणि संध्याकाळी ती अर्धीअधिक भरलेलीच परत आणते. तिला तहान लागत नाही असे नव्हे, तर जवळपास जाण्याजोगे स्वच्छतागृह नाही, हे तिला ठाऊक असते. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत कामाला जाणाऱ्या बायकांची अडचण तर याहून मोठी. तासन्‌तास लघवी रोखून धरल्याने मूत्राशयातले जिवाणू बाहेर टाकले जात नाहीत, आणि मुळात पाणीच प्यायले नाही तर टाकायला काही उरतही नाही. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते आणि घाट यांवर जो खर्च होतो आहे, त्यात बाजारपेठेतील पाण्याची, कडी लागणारी आणि कुंभानंतरही उघडी राहणारी महिला स्वच्छतागृहे किती, हे आपण नागरिकांनी विचारायला हवे. ती मिळत नाहीत तोवर ‘पाणी प्या’ हा सल्ला बरोबर असूनही निम्म्या बायकांसाठी कागदावरच राहतो.

दुसरी गोष्ट माझ्या कामाशी थेट संबंधित आहे. “गोळ्या सुरू केल्यात का?” असे विचारले की हमखास उत्तर येते, “हो ताई, मेडिकलमधून मागच्या वेळच्याच आणल्या, कालपासून दोन झाल्या.” अँटिबायोटिकच्या अशा दोन गोळ्यांनंतर दिलेल्या नमुन्यात पुष्कळदा लॅबमध्ये जिवाणू वाढतच नाहीत, आणि कोणता जिवाणू आहे, कोणते औषध त्याला लागू पडेल, हे सांगणारी ‘कल्चर’ ही तपासणी वाया जाते. मागच्या वेळचे औषध या वेळच्या जिवाणूवर चालेलच असे नाही. म्हणून गोळी घेण्याआधी, सुरुवातीची धार सोडून मधली लघवी निर्जंतुक डबीत घ्यावी आणि ती लवकरात लवकर लॅबमध्ये पोहोचवावी. जळजळ नसताना केवळ रिपोर्टमध्ये जिवाणू दिसले म्हणून गोळ्या घेण्याचीही सहसा गरज नसते. गरोदर स्त्रिया हा महत्त्वाचा अपवाद.

मासिक पाळी गेलेल्या स्त्रियांबद्दल आपल्याकडे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी झाल्याने त्या वयात हा त्रास वाढतो आणि योनिमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने तो पुष्कळ कमी होऊ शकतो, तरीही साठीच्या मावशींना हे विचारायला लाज वाटते. क्रॅनबेरीने काही स्त्रियांमध्ये संसर्गाचे प्रमाण घटते, असे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2023 च्या कोक्रेन आढाव्यात दिसले. डी-मॅनोज या साखरेच्या प्रकाराच्या महागड्या पुड्यांचा मात्र 2024 च्या एका मोठ्या चाचणीत उपयोग आढळला नाही. शरीरसंबंधांनंतर लघवीला जाणे, बद्धकोष्ठता टाळणे, मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवणे, हे करण्यात तोटा काहीच नाही. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा लघवीत रक्त असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, आणि जाताना जुने कल्चर रिपोर्ट फाईलमध्ये लावून सोबत न्यावेत.