उभा निळा, आडवा पांढरा

महाराष्ट्रातल्या बातम्यांत जीन्स ठरावीक काळाने परत येते. डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयात जीन्स आणि टी-शर्ट घालू नयेत असे सांगितले आणि काही महिन्यांतच जीन्सपुरता तो निर्णय मागे घेतला; मे 2023 मध्ये तुळजाभवानीच्या मंदिरात तोकड्या कपड्यांना मनाई करणारे फलक लागले आणि ओरड होताच उतरले; मार्च 2024 मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी सूचना काढल्या, त्यांतही जीन्स पुन्हा बाहेर. दर वेळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी या ‘पाश्चात्य खुळा’वर लिहिते आणि मी जर्मनीत राहतो म्हणून माझे मत विचारले जाते, जणू त्या खुळाची एजन्सी माझ्याकडेच आहे. मला मात्र त्या वेळी इचलकरंजीतली माझी पहिली जीन्स आठवते, आणि तिच्यात पाश्चात्य म्हणावे असे नेमके काय होते, हे मला अजून सांगता आलेले नाही.

अहमदाबादच्या अरविंद मिल्सने 1995 मध्ये ‘रफ अँड टफ’ नावाने एक पाकीट बाजारात आणले होते. त्यात एका पँटचे डेनिम, चेन, तांब्याच्या रंगाची रिबिटे आणि मागे शिवायचे लेबल असे, किंमत 195 रुपये. ते पाकीट घेऊन आपल्या टेलरकडे जायचे आणि जीन्स शिवून घ्यायची. तयार ब्रँडेड जीन्स तेव्हा आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेर होती, आणि तालुक्याच्या गावात ती मिळायचीही नाही. पण टेलर मात्र प्रत्येक गल्लीत होता. ही साधी गोष्ट कंपनीने ओळखली, शिंप्यांना जीन्स शिवण्याचे प्रशिक्षणही दिले, आणि जाहिरातीत अक्षय कुमारला उभे केल्यावर आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी दिवाळीच्या कपड्यांसाठी दुसरे काही मागितलेच नाही.

माझे वडील खर्चीवाले यंत्रमागधारक होते, म्हणजे व्यापाऱ्याकडून बिमे (उभे सूत गुंडाळलेले मोठे रूळ) आणि आडवे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे. आमच्या आठ मागांवर रात्रंदिवस पॉपलिन निघत असताना मुलाने दुसऱ्या गावच्या गिरणीचे कापड विकत मागावे, याचे त्यांना वाईट वाटले असावे, पण ते तसे बोलले नाहीत. त्यांनी पाकिटातले कापड हातात घेतले, उलटून पाहिले, कडेचा एक धागा ओढला आणि म्हणाले, “उभा निळा, आडवा पांढरा. रंग वरवरचा आहे, आतून सूत कोरेच. हे विटणार.” मला तेव्हा तो टोमणा वाटला. जीन्सचे सगळे सौंदर्य त्या विटण्यातच असते, आणि ते त्यांनी एका धाग्यावरून सांगितले होते, हे मला फार उशिरा कळले.

आमच्या गल्लीतल्या टेलरने पाकीट पाहून कपाळाला हात लावला. त्यांचे यंत्र पॉपलिन आणि टेरीकॉटवर चालणारे. चार पदरी शिवणीवर सुई येताच मोडायची. शेवटी ते शिवणीची जाड जागा दगडावर ठेवून हातोडीने ठोकून मऊ करीत आणि मग अठरा नंबरची सुई लावून हाताने चाक फिरवत एकेक टाका घालीत. खिशांच्या कोपऱ्यांतली रिबिटे त्याच हातोडीने बसली. शिलाई सत्तर रुपये झाली आणि घरी त्यावरून दोन दिवस बोलणी खावी लागली. पँटचा एक पाय धुतल्यावर पिळला गेला आणि त्याची बाजूची शिवण कायम नडगीवर यायची. पहिले चार महिने आई ती वेगळ्या बादलीत भिजवत असे, तरी वडिलांचे दोन बनियन फिक्या निळ्या रंगाचे झाले. कपडा म्हणून ती चांगली होती असा दावा मी करणार नाही. आजकाल त्या दशकाबद्दल लिहिताना लोक सगळेच जुने उत्तम होते असे लिहितात. ते मला पटत नाही. पण ज्याने ती शिवली त्याला माझ्या कमरेचे माप तोंडपाठ होते, आणि असा कपडा मी गेल्या वीस वर्षांत अंगावर घातलेला नाही.

मी राहतो तिथून थोड्याच अंतरावर बुटेनहाइम नावाचे गाव आहे. 1829 मध्ये तिथे एका गरीब ज्यू फेरीवाल्याच्या घरी लोब श्ट्राउस जन्मला; वडील वारल्यावर 1847 मध्ये आई आणि बहिणींबरोबर अमेरिकेला गेला आणि तिथे लीवाय स्ट्रॉस झाला. त्याच्या जन्मघरात आता संग्रहालय आहे. मुलीला घेऊन तिथे गेलो तेव्हा माझे लक्ष त्याच्यापेक्षा जेकब डेव्हिसकडे गेले. रीगाजवळून अमेरिकेत आलेला हा माणूस नेवाडातल्या रीनो गावात टेलर होता. गिऱ्हाइकांच्या पँटचे खिसे सारखे फाटतात म्हणून त्याने कोपऱ्यांवर रिबिटे ठोकली, आणि पेटंटचा खर्च परवडेना म्हणून आपल्या कापडवाल्याला, म्हणजे स्ट्रॉसला, भागीदार केले. पेटंट 20 मे 1873 चे आहे. म्हणजे जीन्सची सुरुवातही एका गल्लीतल्या शिंप्याच्या हातोडीनेच झाली होती. शिवाय जाड्याभरड्या कामाच्या कपड्यांना इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात, तो शब्द आपल्या मुंबईतल्या डोंगरीवरून गेलेला आहे. कोणते कापड कोणाचे, हे ठरवायला बसलो तर परिपत्रकाला पुरवणी जोडावी लागेल.

इथे सगळे मोकळे आहे असे मात्र समजू नये. माझा एक सहकारी पूर्व जर्मनीत वाढला. जीन्सला तिथे बराच काळ ‘रिबिटांची पँट’ म्हणून नाक मुरडले जाई आणि ती घालून आलेल्या मुलांना शाळेतून घरी पाठवत. पुढे त्याच राजवटीने 1978 मध्ये तरुणांना खूश करण्यासाठी सुमारे दहा लाख जीन्स अमेरिकेतून मागवल्या. अगदी 2023 मध्ये पश्चिमेकडच्या वेर्मेल्सकिर्खेन गावातल्या एका शाळेने ढगळ जॉगिंग पँटवर बंदी आणली तेव्हा देशभर चर्चा झाली. तिथे संस्कृती बुडेल असे कोणी म्हणत नव्हते. मुले आळशी होतील, नोकरीच्या मुलाखतीला अशीच जातील, असे म्हणत होते. भीती वेगळी होती, पण मोठ्यांचा आवाज मला अगदी ओळखीचा वाटला.

आपल्याकडच्या सूचनांत मला खटकते ते त्यांचे मोजमाप. शिक्षकांसाठी शर्ट-पँट, तीही शर्ट आत खोचून, सभ्य. आणि जीन्स असभ्य. शर्ट-पँट आपल्या आजोबांनी साहेबाकडून घेतली याला आता पुरेशी वर्षे झाली, एवढाच त्यातला फरक. शिक्षिकांसाठी साडीबरोबर सलवार-कुर्ता चालतो. पण आमच्या आत्याने पंजाबी ड्रेस पहिल्यांदा घातला तेव्हा आजीने तिला आठवडाभर दाराबाहेर पडू दिले नव्हते. वर्गात नीटनेटके यावे ही अपेक्षा मला रास्त वाटते. तिच्यासाठी संस्कृतीची साक्ष काढण्याची गरज मात्र नव्हती.

आणि माझ्या या सगळ्या आठवणीत एक भोक आहे, ते धाकट्या बहिणीने दाखवले. 1996 च्या दिवाळीत तिनेही पाकीट मागितले होते. वडिलांनी “मुलींना कशाला” एवढेच म्हटले आणि तिला ड्रेसचे कापड आणले. हे मी साफ विसरलो होतो. आज ती एका माध्यमिक शाळेत शिकवते. शिक्षण विभागाच्या सूचनांवर गटावर वाद चालला होता तेव्हा मी तिला वेगळा फोन करून विचारले. ती म्हणाली, “दादा, मी शाळेत साडीच नेसते आणि मला ती आवडते. पण तेव्हाही मला कोणी विचारलं नव्हतं, आणि आत्ताही नाही.”