बिचाऱ्याला एकच बिस्कीट!

परवा मोतीला डॉक्टरांकडे काट्यावर उभा केला. 41 किलो. लॅब्रडॉर आहे, त्याच्या चणीला 32 पुरे. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वरचे 9 किलो मीच कोंबलेत.

तर प्राणिप्रेमी शेजाऱ्यांनो, हे पुण्यकार्य असंच चालू ठेवा.

कुत्रं दिसताच म्हणा, "किती वाळलाय गं!" हलका हात फिरवला की बरगड्या लागायला हव्यात, असं डॉक्टर म्हणतात. म्हणू देत.

नसबंदी केलेल्या मांजरीला दिवसातून तीनदा वाटीभर दूध द्या. सोफ्यावर दिवसभर राबते ती.

बिस्कीट मात्र जिन्यातच द्यावं, मालकाची पाठ वळली की. आमच्या इमारतीत 8 घरं. प्रत्येकाचं "एकच", सकाळ-संध्याकाळ. झाली की 16! खाऊ दिवसभराच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत हवा, तो कोटा पहिल्या मजल्यावरच संपतो. मोती आता दुसऱ्या मजल्यावरच्या चपलांच्या स्टँडपाशी फतकल मारतो, दार उघडेपर्यंत हलत नाही. आणि वर "त्याचं तोंड बघवत नाही हो!" अहो, पोटभर जेवूनही तो तसंच तोंड करतो! कित्येक लॅब्रडॉरमध्ये भूक वाढवणारा जनुकीय बदल असतो, केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलंय. त्याची भूक खोटी नाही, पण तिला बिस्किटाची गरजही नाही. गुडघे त्याचे दुखतात, तुमचे नाही. कृषीनगरच्या ट्रॅकवर अर्ध्या फेरीत बसकण मारतो, तेव्हा त्याला उठवायला तुमच्यापैकी कोण येतं?

रविवारी मिसळीचा उरलेला पाव, तर्रीत बुडवून.

आणि परवाच्या काकूंचा उपाय तर ऐकाच. "बिस्कीट नको ना? मग फळ देते." मळ्यातून द्राक्षांची पेटी आली होती. घड थेट त्याच्या तोंडापुढे! फळाने काय वजन वाढतंय? नाही वाढत, काकू. द्राक्षाने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती दाणे पुरतात ते आधी सांगता येत नाही. मी हातातून ओढून घेतला, तर मीच निर्दयी.

48 लॅब्रडॉरवर 14 वर्षं प्रयोग झाला होता. ज्यांना पाव हिस्सा कमी खायला दिलं, ते सरासरी पावणेदोन वर्षं जास्त जगले.

पुरे झालं आता. कुत्रा माझा आहे. लाड करायचेत तर पट्टा धरा आणि संध्याकाळी अर्धा तास फिरवून आणा. जमत नसेल तर ते बिस्कीट चहात बुडवून स्वतःच खा.