काका, साधा दाखवू का?

"काकांसाठी तो मोठ्या आकड्यांवाला काढ रे," असं मोबाइलच्या दुकानात काउंटरवरच्या पोराने आतल्या पोराला ओरडून सांगितलं, तेव्हापासून फिरलेलं माझं डोकं अजून जागेवर आलेलं नाही. मी मागितलं काय होतं? बॅटरी टिकावी, भर उन्हात स्क्रीन दिसावा, हातातून पडला तर लगेच फुटू नये. एवढ्यावरून त्याने माझं वय काढलं. कानांवरचे केस पिकलेत, ठीक आहे. पण पाठीवर सॅक होती, पायात ट्रेकिंगचे बूट होते, त्यांना चिखलही लागलेला होता! तो चिखल त्याला फरशीवर दिसला, माझ्या पायात दिसला नाही.

जुना फोन कसा गेला ते सांगत बसत नाही. पावसाळ्यात सह्याद्रीत जसे जातात तसा गेला.

"साधा नको," मी म्हटलं. "डोंगरात न्यायचाय. बॅरोमीटर असलेला दाखव."

"बीपीसाठी का? त्याला मग वॉच घ्यावं लागेल, काका."

मी शांतपणे समजावलं. जीपीएस उंची सांगतं, पण जागा जितकी बरोबर सांगतं तितकी उंची नाही. हवेचा दाब मात्र साधारण आठ-नऊ मीटर चढलं की एक हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणून धुक्यात आपण कड्याच्या माथ्यावर आहोत की खाली पदरात, ते बॅरोमीटरवरून जास्त नेमकं कळतं. पोराने सगळं मान हलवत ऐकलं आणि विचारलं, "ईएमआय करायचा का?"

"होकायंत्र आहे का यात?"

"सर, ॲप असतं."

ॲप असतंच. पण स्वस्त फोनांमधून आतला चुंबकीय सेन्सरच गाळलेला असतो, आणि मग नकाशावरचा बाण तुम्ही चालायला लागल्याशिवाय दिशा सांगत नाही. म्हणजे कड्याच्या टोकावर धुक्यात उभं राहून दिशा पाहायची, तर आधी चार पावलं टाकून बघायची. यातली कुठली तरी दोन खाली जातात.

"बरं, एल-फाइव्ह पकडतो का?"

"फाइव्ह-जी आहे सर."

"एल. एल-फाइव्ह."

"तेच सर, नवीन आलंय."

सांदण दरीसारख्या अरुंद जागी उपग्रहांचे संदेश दोन्ही भिंतींवर आपटून उशिरा पोचतात आणि फोन आपल्याला खुशाल वरच्या पठारावर उभा करतो. एल-१ च्या जोडीला एल-५ ही वारंवारता घेणारे फोन ही गफलत बरीच कमी करतात. इस्रोचं नाविक, म्हणजे आपलं देशी जीपीएस, तेही याच एल-५ वर आहे. हे सगळं मी तावातावाने सांगत होतो, तेवढ्यात बाजूच्या स्टुलावरून आवाज आला, "पण रेंज नसली की ते कसं चालेल?"

चौकडीचा शर्ट, मांडीवर कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी, हातात रबरबँड लावलेला बटणांचा फोन. सिमचं काहीतरी काम घेऊन ते गृहस्थ बसले होते आणि सिम चालू होईपर्यंत त्यांना दुसरा उद्योग नव्हता.

"जीपीएसला रेंज लागत नाही," मी म्हटलं. "उपग्रह पाठवतो, आपण नुसतं ऐकायचं. नकाशा तेवढा आधी उतरवून ठेवायचा."

"पैसे किती घेतात?"

"फुकट असतं."

"कोणाचे उपग्रह?"

"जीपीएसचे अमेरिकेचे."

"अमेरिका फुकट सांगते, तुम्ही नाशिकमध्ये कुठे उभे आहात ते." त्यांनी काउंटरवरच्या पोराकडे पाहिलं. पोराने त्यांच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच दुकानात कोणाचं तरी कोणाशी पटलं होतं. "काहीतरी गोम आहे हो यात."

मी कॅमेऱ्याकडे वळलो. त्यांनी वळू दिलं नाही.

"पण करायचं काय त्या नकाशाचं?"

"वाट शोधायची."

"मग कोणाला तरी विचारायचं."

"डोंगरात माणूस नसतो हो."

"जिथे माणूस नाही तिथे जाता कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

"कडा असतो. दरी असते."

"ती काय करते?"

याला उत्तर नाही. गेली कित्येक वर्षं घरचे हेच विचारतात, पण निदान आडून विचारतात.

"यांना टॉर्चवाला द्या," गृहस्थांनी निकाल दिला. "आवाज मोठा पाहिजे. चुकले तर गाणी लावतील. कोणीतरी येईलच शिव्या द्यायला, त्यालाच वाट विचारायची."

पोरगा मोठ्याने हसला. मी हसलो नाही, कारण रविवारी हरिहर गडाच्या पायऱ्यांवर हेच चाललेलं असतं. एकाच्या सॅकमध्ये स्पीकर गाजतोय, दुसरा पायरी अडवून सेल्फी काढतोय आणि मागे रांग खोळंबलीय. गंमत इथपर्यंतच. संध्याकाळी यांच्यापैकीच कोणाची तरी बॅटरी संपते. दिवसभर रेंज शोधून शोधून फोन स्वतःच मरतो, आणि फ्लाइट मोडवर ठेवून तो वाचवता येतो हे त्या माणसाला कोणी सांगितलेलं नसतं. मग अंधारात टॉर्च घेऊन वर जातात पायथ्याच्या गावातली पोरं. त्यांना सकाळी शेतावर जायचं असतं. वाचलेला माणूस खाली येऊन आधी चार्जर मागतो.

नकाशांचंही काय सांगावं? सह्याद्रीत एका पायवाटेला दहा ढोरवाटा फुटतात आणि नकाशावर त्यातली एकच रेघ असते, कोणीतरी चालून चढवलेली. तो चालणारा स्वतः चुकलेला असला, तर मागचे सगळे त्याच्या रेघेवरून शिस्तीत चुकतात. गावातला वाटाड्या घेतला तर ती बला टळते. पण हे मी त्या गृहस्थांसमोर मरेपर्यंत बोलणार नव्हतो.

"कॅमेरा बघा सर, १०८ मेगापिक्सेल," म्हणत पोराने न विचारता माझाच फोटो काढला. सुरकुत्या गायब, कानांवरचे केस काळेभोर. आधी काका म्हणायचं, मग वय पुसून देण्याचे पैसे घ्यायचे! १०८ चं म्हणाल तर एरवी तो नऊ-नऊ ठिपके एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. शिवाय अगदी जवळून फोटो काढायला, मॅक्रो म्हणून, एक २ मेगापिक्सेलची लेन्स मागे चिकटवलेली. कारवी सात वर्षांनी फुलणार आणि आपण तिचा फोटो यातून काढणार.

"आणि हे बघा, एआय. धुकं काढून टाकतो!"

अरे, मी धुकंच बघायला जातो. पण हे म्हटलं असतं तर स्टुलावरून पुन्हा "ते काय करतं?" आलं असतं.

"मजबूत आहे का पण?" स्टुलावरून आलंच.

"आयपी-६८ आहे," पोरगा म्हणाला. धूळ जात नाही, पाण्यात बुडाला तरी चालतो. चालतो म्हणजे प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात. पाणी शिरून बिघडला तर वॉरंटीत ते बहुतेक धरत नाहीत, हे कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत असतं.

गृहस्थ उठले. आपला बटणांचा फोन छातीएवढ्या उंचीवर धरला आणि सोडून दिला. फरशीवर तीन तुकडे झाले, झाकण माझ्या बुटापाशी आलं. त्यांनी सावकाश वाकून बॅटरी बसवली, झाकण लावलं, रबरबँड चढवला, बटण दाबलं. फोन सुरू.

"आता तुमचा टाका."

पोराने डेमोचा फोन दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

खरं सांगायचं तर राग मला पोराचा आला नाही. पूर्वी भरलेली जास्तीची बॅटरी खिशात टाकून निघता येत होतं. आता बॅटरी आत चिकटवलेली, वर पॉवर बँकेचं ओझं, मेमरी कार्डाची खाच गेली, आणि पाठ काचेची! ज्या बाजूकडे कोणी बघत नाही तिला काच कशासाठी? ओल्या हातातून घरंगळायला.

"वेळ लावून द्या जरा," गृहस्थांनी फोन माझ्या हातात दिला. आपटल्यावर तो साल विचारत होता. मी साल घातलं, महिना घातला, दुकानातल्या घड्याळात बघून वेळ घातली. ते घड्याळ दहा मिनिटं मागे होतं. मी बोललो नाही.

फोन शेवटी घेतला. होकायंत्र होतं, बॅरोमीटर होता, किंमत ठरवली होती त्याच्या बरीच पुढे गेली. बिलात टेम्पर्ड ग्लासचे ४९९ रुपये होते.

"हे कोणी सांगितलं? न फुटणारा आहे म्हणालास ना?"

"फोन नाही फुटत काका. काच फुटते."

"मग काढ ती."

"लावून झाली," पोरगा म्हणाला, आणि गृहस्थांचं सिम चालू झालं का ते बघायला त्यांच्याकडे वळला.