गाडीचा कोठा

आमच्या घरात कोणाचा कोठा साफ झाला आणि कोणाचा नाही, याचा आढावा सकाळच्या पहिल्या चहाला उघडपणे घेतला जातो. वडील या विषयातले ज्येष्ठ. इसबगोल, एरंडेल, रात्री भिजत घातलेल्या मनुका, सगळं ओट्यावरच्या एकाच फळीवर हारीने मांडलेलं. त्या आढाव्यात एक दिवस गाडीचाही नंबर लागेल, असं मात्र कोणाला वाटलं नव्हतं.

गाडी घ्यावी लागली ती बदलीमुळे. कंपनीने मला भोसरीहून उचलून रांजणगावच्या एमआयडीसीत नेऊन ठेवलं. राहायला कोथरूड. एका बाजूने साठ किलोमीटर, जाऊन-येऊन १२०. कंपनीची बस आहे, पण ती पहाटे पावणेसहाला येते, आणि तिच्या मागच्या बाकावर चालणाऱ्या रमीत मी दोन महिन्यांत जेवढे हरलो, तेवढ्यात गाडीचा पहिला हप्ता सुटला असता.

"डिझेल घ्यावी की पेट्रोल?" हे मी चारचौघांत मोठ्याने विचारलं, ही पहिली चूक. खरं तर मला कोणाला विचारायची गरजच नव्हती. मी इंजिनिअर आहे. भावनेच्या भरात मी कधी चुकत नाही. चुकायचंच झालं तर एक्सेलमध्ये चुकतो.

शीट अगदी साधी होती. पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९१. पेट्रोलची गाडी लिटरला १५ देणार, डिझेलची २०. म्हणजे किलोमीटरला पेट्रोलचे ६.९३ आणि डिझेलचे ४.५५, मधला फरक दोन रुपये अडतीस पैसे. ऑफिसचे दिवस वर्षाला २६४, किलोमीटर झाले ३१,६८०, वाचले पंचाहत्तर हजार. आता दुसरी बाजू. डिझेलचं मॉडेल दीड लाखाने महाग, शिवाय महाराष्ट्रात डिझेलच्या गाडीला रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त. ते सगळं धरून एक लाख पंच्याण्णव हजार. भागिले पंचाहत्तर. दोन वर्षं सात महिने! त्यानंतर गाडी आपल्याला पैसे देणार.

बायकोला शीट दाखवली. खालचा आकडा मी पिवळा केला होता, तो सोडून तिने नेमका वरचा सेल बघितला.

"ऑफिसचे दिवस २६४, हे कोणी ठरवलं?"

"कॅलेंडरने," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. आमच्याकडे याचा अर्थ नोंद झाली, असा होतो.

लिटरला १५ आणि २० हे आकडे मी स्वतः कापून घेतलेले होते. जाहिरातीत छापतात ते ॲव्हरेज तपासून घेतलेलं असतं, आणि ते तपासणारी एआरएआय ही संस्था आमच्या घरामागच्याच टेकडीवर आहे. रविवारी मी पोट कमी करायला त्या टेकडीवर जातो, त्यामुळे तिथून खाली येणाऱ्या आकड्यांबद्दल मला शेजारधर्माने आदर आहे. पण तिथे गाडी रोलरवर उभी करून चालवतात. चाकं गरागरा फिरतात आणि गाडी जागच्या जागी. ऑफिसच्या वाटेवर वाघोलीच्या चौकातही गाडी जागच्या जागीच असते, फक्त चाकं फिरत नाहीत. एवढा एकच फरक, पण लिटरमागे पाच किलोमीटर त्यातच जातात.

सल्लागारांत पहिला फोन श्रीगोंद्याच्या मामांचा. मामांचा आठ एकर ऊस आहे.

"भाचेबुवा, डोळं झाकून पेट्रोल घ्या."

"का हो मामा?"

"आता पेट्रोलमधी वीस टक्के इथेनॉल असतंय. म्हंजी तुझ्या टाकीत माझा ऊस. डिझेलमधी काय हाय आपलं?"

मी सांगून पाहिलं की इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं. मामांना ही इथेनॉलची जमेची बाजू वाटली. "पडू दे की. तेवढंच जास्त भरशील. ऊस हलंल."

विषय बदलावा म्हणून मी डिझेलकडे वळलो. म्हटलं, बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी घालावं लागतं. पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं रेंज गेली.

"युरिया?" मामा एकदाचे बोलले. "आरं, हितं एका गोणीपायी आमी आधार कार्ड घेऊन रांगंत उभं ऱ्हातोय, आन् तू गाडीला घालणार? फुटवं किती येत्यात गाडीला?"

डिझेलच्या बाजूने उभे राहिले ते आमच्या शॉप फ्लोअरचे एक सुपरवायझर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, आणि डिझेलबद्दल बोलताना आवाज असा, की घरातलं कर्तं माणूस गेलंय. "साहेब, इथेच, आपल्या रांजणगावात, फियाटच्या कारखान्यात ते १.३ लिटरचं डिझेल इंजिन बनायचं. स्विफ्टला तेच, इंडिका व्हिस्टाला तेच. लोक राष्ट्रीय इंजिन म्हणायचे." २०१२ साली पेट्रोल पंचाहत्तरीच्या पुढे गेलं तेव्हा डिझेल पंचेचाळीसच्या आसपास होतं. त्या दिवसांत डिझेलची गाडी घेणाऱ्याला शीट लागत नव्हती, नुसता पाढा पुरत होता. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या किमतीवरचा हात काढला, दर एकमेकांच्या जवळ आले. २०२० च्या एप्रिलमध्ये गाड्यांच्या धुरासाठी बीएस-६ चा कडक नियम आला, मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या, राष्ट्रीय इंजिनही गेलं. "पण माझी अजून चालू आहे," ते म्हणाले. ते सांगायची गरज नव्हती. त्यांची गाडी गेटमध्ये शिरते तेव्हा कॅन्टीनमधला पोऱ्या चहा ठेवतो.

सीएनजीचा विचार मी एक दिवस केला. पंपावरची रांग पाहिली आणि डिकीतलं सिलिंडर पाहिलं, विचार संपला. विजेच्या गाडीचं म्हणाल, तर आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटचा ठराव तीन सर्वसाधारण सभा चर्चेत आहे. सध्या तो वायर कोणाच्या खिडकीखालून जाणार, इथपर्यंत आलाय.

एका रात्री झोप येईना म्हणून रुडॉल्फ डिझेल या माणसाबद्दल वाचत बसलो. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. हे वाचून डिझेलबद्दल एकदम आपुलकी वाटली. आपल्याकडे एवढं तेल तर वांग्याच्या भाजीवर तरंगतं. पण पुढे १९१३ मध्ये हा गृहस्थ कर्जबाजारी अवस्थेत इंग्लंडला निघाला आणि रात्री बोटीवरूनच नाहीसा झाला. बोट वाफेची होती. म्हणजे शेवटच्या प्रवासाला त्यानेही डिझेल निवडलं नाही. मी फोन उपडा ठेवला आणि कूस बदलली.

शोरूममधल्या मुलाने विचारलं, "सर, रनिंग किती?" मी १२० सांगितलं. "मग डिझेलच, सर!" तो इतक्या खात्रीने म्हणाला, की मला शीटवर सही मिळाल्यासारखं वाटलं. ॲक्सेसरीजच्या टेबलावर थांबलो असताना तोच मुलगा शेजारच्या आजोबांना विचारत होता, "सर, रनिंग किती?" आजोबा म्हणाले, कधीतरी पर्वतीपर्यंत. "मग डिझेलच, सर!"

पहिले आठ महिने सुखाचे गेले. शिक्रापूर सोडलं की सहावा गिअर, गाडी अशी ओढायची की पाठ सीटला चिकटावी, आणि समोर ॲव्हरेज २१.४. त्या पॉइंट चारची स्क्रीन मी ऑफिसात फोटो काढून दाखवली आहे. बसमधले रमीवाले मला दिसले की मी मुद्दाम आरामात गाडीतून उतरत असे.

नवव्या महिन्यात एचआरची मेल आली. आमच्या डिझाइन विभागापुरतं 'हायब्रिड' धोरण: आठवड्यात दोन दिवस ऑफिस, बाकी घरून. हायब्रिड हा शब्द मी शोरूममध्ये ऐकला होता आणि महाग म्हणून सोडून दिला होता. तो ऑफिसातून येऊन गाठेल, ही अपेक्षा नव्हती. सगळा विभाग पार्टी करत होता आणि मी कोपऱ्यात शीट उघडून २६४ च्या जागी १०४ टाकत होतो. पिवळा सेल म्हणाला, साडेसहा वर्षं.

बायकोला मी हे सांगितलं नाही. तिनेच संध्याकाळी विचारलं, "कॅलेंडर काय म्हणतंय?"

आता गाडीच्या नशिबी उरलं नळ स्टॉप, कोथरूडची भाजी आणि वडिलांचे दातांचे डॉक्टर. त्यानंतर महिन्याभरात डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. दोन्ही बाजूंना नळ्या असलेला डबा आणि आत ठिपके. मला वाटलं, साबुदाणा भिजत घातलाय. पुस्तिका काढली. तो डीपीएफ निघाला, म्हणजे डिझेलची काजळी धरून ठेवणारी जाळी. ती भरत आली की गाडी आतल्या आत ती काजळी जाळून टाकते. अट एवढीच, की गाडी ताशी साठच्या वर, पंधरा-वीस मिनिटं, न थांबता चालली पाहिजे. न थांबता, पंधरा मिनिटं, कोथरूडमध्ये.

चहाला मी हे सगळं समजावून सांगितलं. वडिलांनी कप खाली ठेवला. इतक्या आस्थेने त्यांनी माझं यंत्रांबद्दलचं बोलणं कधी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे कोठा जड झालाय," ते म्हणाले. "बसून बसून होतं तसं."

त्या रात्री जेवण झाल्यावर किल्ली घेऊन निघालो. बायकोने विचारलं, कुठे? म्हटलं, गाडीला फिरवून आणतो. आतून वडील म्हणाले, "जेवणानंतर शतपावली चांगलीच." चांदणी चौकातून बायपासला लागलो, वारज्यात ट्रकमागे अडकलो, कात्रजचा नवा बोगदा ओलांडला आणि टोल नको म्हणून खेड शिवापूरच्या अलीकडून वळलो. सोसायटीच्या गेटपाशी आलो तर दिवा तसाच. पण आता इंजिनचा पंखा घोंघावत होता आणि तव्यावर काहीतरी करपल्यासारखा वास येत होता. म्हणजे कार्यक्रम आत्ता कुठे सुरू झाला होता! अशा वेळी गाडी बंद केली तर सगळं अर्धवट राहतं. तसाच मागे फिरलो.

"साहेब, काही विसरलं का?" वॉचमनने विचारलं.

दुसऱ्या फेरीला बायपासला काम चालू होतं, एकच लेन. तिसऱ्यांदा गेटवरून परत फिरलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. वॉचमनने खुर्ची सोडली, खिडकीजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, घरी सगळं ठीक ना?"

दिवा काही गेला नाही. शेवटी तोडगा आईने काढला. तिने पंधरा-वीस मिनिटं, मोकळा रस्ता, एवढंच ऐकलं आणि ठरवून टाकलं: रविवारी रांजणगावच्या महागणपतीला जायचं, सगळ्यांनी. तुम्ही रोज त्याच्या दारावरून जाता, कधी गाडी थांबवलीत का? थांबवली नव्हती. ॲव्हरेज पडतं.

रविवारी पहाटे निघालो. वाघोली मी पहिल्यांदाच एवढी रिकामी बघितली. सिग्नल आहेत हे तेव्हा कळलं. लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी. शिक्रापूर सोडलं, पाचवा गिअर, वेग सत्तर, पंखा घोंघावतोय, वास येतोय. मागे आई अथर्वशीर्ष म्हणतेय, तिच्या शेजारी बायको डोळे मिटून बसलेली, आणि बाजूला वडील नजर दिव्यावर ठेवून, बाळाला शी करायला बसवल्यावर करतात तसं तोंडाने हलकं "हं... हं..." करतायत. फलश्रुती सुरू झाली आणि दिवा गेला.

"झाला!" वडील ओरडले.

"पावला," आई म्हणाली. मी मागे न वळता काजळी, सहाशे अंश तापमान वगैरे बोलायला तोंड उघडलं, तोवर तिने हात जोडून दर संकष्टीला गाडी घेऊन येण्याचा नवस बोलूनही टाकला होता.

दर्शनाच्या रांगेत मी फोनवर शीट उघडली. १०४ च्या खाली 'संकष्टी' अशी नवी ओळ घातली: वर्षाला १२, गुणिले १२०. साडेसहा वर्षांची पाच वर्षं अकरा महिने झाली. फोन बायकोपुढे धरला. पिवळा सेल सोडून तिने वरच्या नव्या ओळीवर बोट ठेवलं.

"बारा कोणी ठरवल्या? अधिक महिन्याच्या वर्षी तेरा येतात."