प्रेमकविता वेगळ्या आणि विद्रोही वेगळ्या?

परवा ठाण्यात एका कविसंमेलनात सूत्रसंचालक म्हणाले, "प्रेमकविता झाल्या, आता जरा विषय बदलूया. आदिवासींच्या विद्रोही कविता ऐकूया." लगेच लोक सावरून बसले, मोबाइल पर्समध्ये गेले, चेहरे गंभीर झाले. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. आदिवासी कवीने प्रेम करायचंच नाही का? आणि केलं तर ते कुठल्या सत्रात वाचायचं?

ही वाटणी आपली आहे, त्यांची नाही. आपल्याच ठाणे जिल्ह्याचा इतिहास काढून बघा. (पालघर 2014 मध्ये वेगळा झाला, ही गोष्ट जुन्या ठाण्याची.) इंग्रजांनी जमीन मोजली, सारा रोखीत मागितला, जंगलाला कायद्याचं कुंपण घातलं. इथला वारली आदिवासी सावकाराच्या दारात गेला आणि बघता बघता आपल्याच शेतावर कूळ झाला. मग गहाण टाकायला उरलं काय, तर स्वतःचं अंग. लग्नासाठी सावकाराकडून थोडे रुपये उचलायचे आणि नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबायचं, कर्ज फिटेपर्यंत. ते फिटायचं नाहीच. याला लग्नगडी म्हणत.

म्हणजे ज्या दिवशी पोरगा मांडवात उभा राहायचा त्याच दिवशी तो वेठीला लागायचा, आणि त्याच्यामागून ती. इथे प्रेम एका कप्प्यात आणि जमीन दुसऱ्या कप्प्यात ठेवायची तरी कशी? वारल्यांत जोडपी आधी संसाराला लागायची, लग्न सवडीने, कधी पोरंबाळं झाल्यावर. शिकलेल्यांनी याला नाकं मुरडली. मला तर यात शहाणपण दिसतं.

मे 1945 मध्ये झरीला हजारो वारली जमले. वेठ करणार नाही, लग्नगडी राहणार नाही, असं ठरलं. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगडसह पाच जण गेले. वारल्यांना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये हा सगळा लढा आहे. वाचलं नसेल तर हातातलं काम टाकून वाचा. आपण त्याला मजुरीचा आणि वेठीचा लढा म्हणतो, आणि तो होताच. पण आपलं लग्न सावकाराच्या वहीतून सोडवायचं होतं, हे कुणी मोठ्याने म्हणत नाही.

आता गाण्याकडे येते. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. बाई. तिचं गाणं हाच मंत्र. सुवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात, चौकात पालघट देवी, भोवती झाडं आणि जनावरं. सगळ्या रानाच्या साक्षीने लग्न लागतं. आपण घोडबंदर रोडच्या सोसायट्यांच्या लॉबीत, कुर्त्यांवर, चहाच्या मगांवर हीच चित्रं आणली. देवी गाळली आणि गाणं तर कानावर पडलंच नाही.

प्रेम आणि विद्रोह एकाच गाण्यात असणं हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. 1893 मध्ये हवाईच्या राणीला अमेरिकन धनदांडग्यांनी गादीवरून उतरवलं. राजवाड्याच्या बँडवाल्यांना नव्या सरकारशी निष्ठेची शपथ घ्यायला सांगितलं, त्यांनी नकार दिला. मग खा दगड, असं त्यांना ऐकवलं गेलं. एलन प्रेंडरगास्ट या बाईंनी त्यावर गाणं रचलं. सुरुवात फुलांनी, चाल इतकी गोड की भाषा न कळणाऱ्याला प्रेमगीतच वाटावं. आत मात्र म्हटलंय, सही करणार नाही, आम्हाला आमच्या भूमीचे दगड पुरे. आमच्या सूत्रसंचालकांनी हे कुठल्या सत्रात घातलं असतं?

नवी मुंबईकरांनो, तुम्हीही यात आलात. तुमच्याकडच्या आगरी-कोळी लग्नात काही घरांत अजून डीजेच्या आधी धवलारीण धवले गाते. नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली 1970 मध्ये, 95 गावांच्या जमिनी गेल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, जानेवारी 1984 मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जण गेले. गोळी तेव्हा इंग्रजांची नव्हती. (आगरी आदिवासींत मोडत नाहीत हे मला ठाऊक आहे, सांगायला येऊ नका.) भातखाचरं गेल्यावर त्यांच्या भोवतीच्या गाण्याचं काय होतं, हा प्रश्न दोघांचाही आहे.

भिल्ल कवी वाहरू सोनवणेंची 'स्टेज' कविता आपल्या मंडळींना पाठ असते. त्यात आदिवासी खाली बसलेत आणि स्टेजवरचे त्यांना त्यांचंच दुःख सांगतायत. ती आपण वाचतो कुठून? स्टेजवरून.

तर 9 ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनाला, कार्यक्रम ठेवाल तेव्हा कृपा करून विद्रोहाचं सत्र ठेवू नका. डहाणू-जव्हारकडच्या एखाद्या धवलेरीला विचारा. तिला जाण्यायेण्याचं भाडं आणि पाहुण्या कवीइतकंच मानधन द्या, वेळेची घंटा वाजवू नका. ती म्हणेलही, हे गाणं लग्नाशिवाय गायचं नसतं. मग आपणच लग्नाला जाऊ. बोलावलं तर.