पाणी शिरलं म्हणून ड्रायसूटचा दगड होत नाही

आइसलँडच्या सहलींचे बेत ठरू लागले की एक मेसेज हमखास फिरतो. ‘सिल्फ्राला ड्रायसूटमध्ये डायव्ह करू नका. पाणी शिरलं तर दगडासारखे तळाला जाल. हवा पायांत गेली तर उलटे लटकाल. त्यापेक्षा जाड वेटसूट बरा.’ सिल्फ्रा म्हणजे तिथली स्वच्छ, थंड पाण्याने भरलेली भेग. ड्रायसूट म्हणजे पाणी आत येऊ न देणारा, आत हवा असलेला पोशाख; वेटसूट म्हणजे पाणी आत येऊ देणारा, अंगाला घट्ट रबरी पोशाख.

आधी दगडाचं बघू. विहिरीतून घागर ओढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही. भरलेली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, जड होते ती बाहेर आल्यावर. सूटमध्ये शिरलेलं पाणीही पाण्यात तोलून धरलेलंच असतं. जाते ती सूटमधली हवा, म्हणजे तिचा वर उचलणारा जोर. तो भरून काढायला अंगावर हवेचं जॅकेट असतंच. खरे हाल शिडी चढताना होतात आणि त्याआधी थंडीने. म्हणून सूट भरला की डायव्ह तिथेच संपवायची.

उलटं लटकण्यात मात्र तथ्य आहे. 10 मीटरवरून वर येईपर्यंत सूटमधली हवा फुगून दुप्पट होते. ती सोडायचा व्हॉल्व्ह डाव्या दंडावर, म्हणून तो दंड सगळ्यात उंच ठेवायचा. पाय वर गेले तर हवा घोट्यांशी जाऊन अडकते. मग गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची. हे शिकवतात, आणि सिल्फ्रात डायव्हरकडे ड्रायसूटचं प्रमाणपत्र किंवा तशा बुड्यांची नोंद मागतात ती याचसाठी.

राहिला वेटसूट. तारकर्लीला 3 मिलिमीटरचा पुरतो. सिल्फ्रातलं पाणी लांगयोकुल हिमनदीचं, लाव्ह्याच्या खडकातून झिरपत आलेलं; बारा महिने 2 ते 4 अंश. त्यात वेटसूटच्या निओप्रीनमधले, म्हणजे फेसाळ रबरातले, बुडबुडे दाबाखाली चेपतात, म्हणजे खोल जाल तसा तो पातळच होतो.

मेसेजमध्ये नाही ते असं, की पातळ कापडी ड्रायसूट स्वतः ऊब देत नाही. तो रेनकोटच, ऊब आतल्या जाड कपड्यांची. आणि तिथे हातमोजे बहुधा ओलेच असतात, बोटं बधिरतात.

माझ्या पहिल्या बुडीत थर्मलच्या बाहीची जेमतेम बोटभर कड मनगटाच्या सीलखाली, म्हणजे पाणी अडवणाऱ्या घट्ट पट्टीखाली, अडकली होती. खाली असेपर्यंत बर्फासारखी एक रेघ कोपराकडे सरकत राहिली. वर येऊन बाही पिळली, तर कपभर पाणी निघालं.